बंबातले थर

कॉम्प्युटरचं म्हणणं होतं की त्या घरातला नळ गळतोय. शेलारबाईंचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरला अक्कल नाही. मी दोघांच्या मध्ये बसून चहा पीत होतो. बाईंचं कोणाशी वाजलं की आपण मध्ये पडायचं नसतं, एवढं शहाणपण मला आठवीतच आलं होतं. आठवीत त्या मला विज्ञान शिकवायच्या.

आता मी पस्तिशीला आलो, बाई शाळेतून निवृत्त झाल्या, तरी त्यांच्यासमोर मी अजून धनंजय साळुंखे, इयत्ता आठवी, तुकडी ब. फरक एवढाच की आता आम्ही एका टेबलावर बसतो आणि आख्ख्या पठाराचं आंघोळीचं पाणी तापवतो.

हे जरा नीट सांगायला हवं. सडावळीचं पठार सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. पावसाळ्यात उभं राहू न देणारा वारा, थंडीत दिवसभर लख्ख ऊन. या जोरावर पठारावरच्या सात गावांनी मिळून स्वतःची वीज सहकारी संस्था काढली. पवनचक्क्या आल्या, सौर पट्ट्या आल्या. पण ऊन आणि वारा दोघंही आपल्या मर्जीचे मालक. दुपारी वीज उतू जाते आणि पहाटे, सगळं पठार कुडकुडत आंघोळीला उठतं तेव्हा, वारा हमखास पडलेला असतो. दुपारची वीज बॅटरीत भरून पहाटेपर्यंत ठेवणं परवडत नाही. मग कोणीतरी म्हणालं, पहाटे लोकांना वीज कुठे हवी असते? त्यांना ऊब हवी असते. ती दुपारीच भरून ठेवा की.

म्हणून घरोघरी पोलादाच्या मोठ्या, जाड अस्तराच्या उभ्या टाक्या बसवल्या. त्यात दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही चटका देतं. संस्थेच्या कागदावर तिचं नाव ‘औष्णिक साठवण टाकी’ आहे. पठारावर एकानेही ते नाव कधी उच्चारलेलं नाही. सगळे तिला बंब म्हणतात.

कोणत्या बंबाला वीज कधी द्यायची हे ठरवतं आमचं सिम्युलेशन. आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक दुसरं सडावळी आहे. तिथे प्रत्येक घराच्या बंबाचा जुळा भाऊ उभा आहे; खऱ्या बंबातून किती पाणी गेलं, किती तापलं हे त्याला लगेच कळतं. उद्या ऊन किती, वारा किती याचा अंदाज आला की आम्ही त्या दुसऱ्या सडावळीत उद्याचा दिवस आजच शे-दोनशे वेळा उगवून बघतो. कोणाचं पाणी संपतंय, कोणाचं उगाच तापतंय ते कळतं, आणि ज्या बेतात कोणालाही गार पाण्याने आंघोळ करावी लागत नाही तो बेत दुसऱ्या दिवशी खऱ्या बंबांना लावून देतो.

हे आम्ही सुरू केलं तेव्हा प्रत्येक बंबाला एकच तापमान दिलं होतं. सगळा गोंधळ तिथेच झाला. सिम्युलेशन म्हणे पाणी चाळीस अंश, आणि लोक म्हणत पहिली बादली कढत आणि दुसरी बर्फ. तेव्हा संस्थेने बाईंना बोलावलं. बाईंनी खडूच मागितला.

“गरम पाणी हलकं. ते वर राहतं,” त्यांनी फळ्यावर बंब काढला. “गार पाणी जड. ते तळाशी बसतं. नळाला वरचं पाणी येतं आणि जेवढं जातं तेवढं गार पाणी खालून शिरतं. अर्धा बंब वापरलास तर वरचा अर्धा साठ अंशांवर आणि खालचा वीसवर. तुम्ही सरासरी काढून चाळीस म्हणता. अरे, त्या बंबात चाळीस अंशांचं पाणी औषधालासुद्धा नाही! एका पोराला ऐंशी मार्क आणि एकाला शून्य, म्हणून दोघंही पास, असं मी कधी केलं होतं का?”

नव्हतं केलं. हे मी शपथेवर सांगू शकतो.

मग आम्ही प्रत्येक बंबाचे बारा थर केले, एकावर एक डबे रचावेत तसे. पडद्यावर प्रत्येक घर म्हणजे एक उभी पट्टी, वर लाल, खाली निळी. लाल आणि निळ्यामधली रेघ स्वच्छ असली की समजायचं बंब निरोगी आहे. कोणी नळ एकदम पूर्ण सोडला की खालून गार पाणी जोरात घुसतं, थर ढवळले जातात आणि पट्टी वांग्याच्या रंगाची होते. मग बंबात कोमट पाणी भरपूर असतं आणि कढत एक तांब्याही नसतो. थर मिसळले की पुन्हा आपोआप वेगळे होत नाहीत. नव्याने वीज जाळावी लागते.

या पट्ट्यांना नाव नसतं. तो नियम बाईंचा. सातही गावांची सभा भरली होती तेव्हा मागच्या रांगेतून एक आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे आमी कवा न्हातो, कोन न्हातं, कोन न्हाई, ते हापिसात बसून तुमी बगनार व्हय?” सभा हसली, पण संस्था तिथेच बुडायची वेळ आली होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोणतं घर कोणाचं हे आम्हालाच कळणार नाही अशी सोय करते. आणि बंबातलं बघून आमचं माणूस कोणाच्या दारात गेलं, तर त्या दिवशी मी खुर्ची सोडीन.” बाईंचा शब्द म्हटल्यावर लोक गप्प बसले. त्यातले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

तर ते गळक्या नळाचं घर. पडद्यावर त्याला नुसता एक नंबर. कडाक्याच्या थंडीचे दिवस होते आणि त्या घरात दिवसभर, अगदी रात्रीसुद्धा, थोडं थोडं गरम पाणी जात होतं. असं दिसलं की प्रोग्रॅम ते आपोआप गळतीत टाकतो आणि दुरुस्ती होईपर्यंत बंबाला जेमतेम वीज देतो. उगाच तापवून गटारात कशाला सोडायचं? घरी निरोपही आपोआप जातो. तिकडून प्रत्येक वेळी उत्तर येत होतं, गळती नाही.

“गळका नळ एकसारखा गळतो,” बाई म्हणाल्या. “हे बघ. दोन तांबे पाणी, मग बंद. दीड-दोन तासांनी पुन्हा दोन तांबे. धनू, तुला दोन पोरं आहेत ना रे? घरी काही केलंस की नाही कधी?”

मी चहा खाली ठेवला.

“दुपटी धुतायत. या घरात तान्हं बाळ आहे.”

“पण बाई, पठारावर वर्षाला शंभरेक बाळं जन्मतात. प्रोग्रॅमला इतक्या वर्षांत एकही दिसलं नाही?”

“कसं दिसेल? बाळंतिणीला बंबाचं पाणी घेऊ देईल का कुठली आजी? अंगणात चूल पेटते, वर हंडा चढतो, त्यात कडुनिंबाचा पाला पडतो. बाळाचं, बाळंतिणीचं, दुपट्यांचं, सगळं पाणी त्या हंड्यातलं. बंबाला पत्ताच नसतो घरात बाळ आलंय म्हणून.” बोलता बोलता त्या थांबल्या. “म्हणजे या घरात आजी नाही. आजी नाही, मावशी नाही, कोणीच नाही.”

त्यांनी पडद्यावर त्या घराची पट्टी मोठी केली. ती वरपासून खालपर्यंत वांग्याच्या रंगाची होती. आधीच वीज कमी, त्यात कोणीतरी घाबऱ्याघुबऱ्या नळ पूर्ण सोडत होतं. ओल्या बाळंतिणीला आणि बोटभर पोराला या थंडीत कोमट पाणी, तेही आमच्या हुशारीमुळे. बाईंचा चेहरा असा झाला की मला आठवीतल्यासारखं उगाचच उभं राहावंसं वाटलं.

“कोणाची पोर आहे कोण जाणे,” त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही संस्थेचे अध्यक्ष आबा निकमांना बोलावून घेतलं. बंबात दोन कॉइल असतात. खालची सगळी टाकी सावकाश तापवते. वरची नुसते वरचे दोन-तीन थर पटकन तापवते. बाईंचं म्हणणं असं की ज्या घरात असं पाणी जाताना दिसेल ते गळकं घर धरायचं नाही, बाळंतघर धरायचं. आणि रोज सकाळी दहाला, उन्हं वर आली की, त्याचे वरचे थर कढत करून ठेवायचे.

“एका घरापायी समद्या पठाराचा बेत बदलायचा?” आबा म्हणाले.

“एका घरापायी नाही आबा. जिथं आजी नाही अशा प्रत्येक घरापायी. आणि अशी घरं आता वाढणार. पोरं नोकऱ्यांसाठी कुठून कुठून येऊन राहतात इथं.”

“पर बाकीच्यांचं पानी गार झालं तर बोंब माझ्या नावानं हुईल.”

“ते बघूनच ठरवू या,” मी म्हणालो आणि दुसऱ्या सडावळीत आख्खं वर्ष पळवलं. मुद्दाम पन्नास बाळंतघरं पेरली. मुद्दाम वारा पाडला, आभाळ भरून आणलं. अगदी वाईटातल्या वाईट दिवशी बाकीच्या घरांचं पाणी अर्ध्या अंशाने उतरलं.

आबांनी पडद्याकडे बघत मिशीवरून हात फिरवला. “आर्धा अंश व्हय? ते आमच्या हिला बी कळनार न्हाई, आन् तिला समदं कळतंय. करा.”

दुसऱ्या दिवशी दहाला त्या घराची पट्टी वरून लाल झाली. बाईंनी टेबलावर थाप मारली. मला खरं सांगायचं तर इतका आनंद मला पहिली पवनचक्की फिरली तेव्हाही झाला नव्हता.

आठवडाभराने एका सकाळी मी ऑफिसात आलो तर बाई आधीच येऊन बसलेल्या. समोर तेच घर. मी आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“काय झालं बाई? पुन्हा बिघडलं?”

“हे सकाळचं बघ,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “बाळाचं नाही. त्याच्या आधीचं, मोठ्या माणसाच्या आंघोळीचं. बादलीभर कढत पाणी घेतलंय. मग पाव तास काही नाही. मग तांब्याभर कढत. मग अजून तांब्याभर.”

“बरं?”

“तू आंघोळीचं पाणी कसं काढतोस?”

“अर्धी बादली गरम, मग वरून गार विसण. सगळेच तसं काढतात.”

“हा विसण घालत नाही. नुसती कढत बादली भरतो आणि निवायची वाट बघत बसतो. मग फार निवली की वर पुन्हा कढत ओततो. इतके दिवस पाणीच कोमट होतं, त्यामुळे दिसत नव्हतं. आता कढत मिळायला लागल्यावर दिसतंय.”

“असेल एखादा विक्षिप्त.”

“एकच आहे,” बाई म्हणाल्या. “वीस वर्षं रोज सकाळी मोरीच्या दाराशी उभी राहून मी त्याच्याशी भांडलेय. अरे विसण घाल की मेल्या, शाळेला उशीर होतोय.”

मग मला कळलं. पृथ्वीराज, बाईंचा एकुलता एक मुलगा. त्याचं नाव त्यांच्यासमोर काढायची कोणाची टाप नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याने जुईशी लग्न ठरवलं. जुई आमच्याच पवनचक्क्यांवर चढून दुरुस्तीचं काम करते. साताऱ्याच्या एका अनाथाश्रमात वाढलेली, हसरी, धीट मुलगी. बाईंना तिचं काम आवडायचं, पण सून म्हणून ती त्यांना पटली नाही. आणि भांडणाच्या भरात, जुई समोर असताना, त्या बोलून गेल्या, “जिला माहेर नाही तिचं पहिलं बाळंतपण कोण करणार?” पृथ्वीराज त्याच दिवशी घर सोडून गेला. पठाराच्या पलीकडच्या टोकाला, म्हाळुंगीत, दोघांनी बिऱ्हाड केलं. लग्नाला बाई गेल्या नाहीत. ही माणसं एका पठारावर राहून दोन वर्षं एकमेकांना भेटली नव्हती. जुईचं कामही तिकडच्याच पवनचक्क्यांवर असायचं, त्यामुळे तिला बाळ झाल्याचं आमच्या ऑफिसापर्यंत आलंच नव्हतं.

“कोण करणार म्हणाले होते मी,” बाई म्हणाल्या. “बघ. कोणीच केलं नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

“मग उठा ना बाई. मी गाडी काढतो. अर्ध्या तासात म्हाळुंगी.”

“कशाच्या आधारावर जाऊ? बंबातलं बघून? सात गावांसमोर शब्द दिलाय मी.”

“कोण विचारणार आहे तुम्हाला?”

“मी विचारीन. आणि आज मी माझ्या मुलाच्या घरी गेले, तर उद्या दुसरं कोणी दुसऱ्याच्या घरी जाईल. कोणाची सून उशिरा न्हाते, कोणाच्या घरी रात्री पाहुणा होता, सगळं निघेल यातून. मग लोक बंब उपटून फेकतील आणि बरोबरच करतील.”

दुपारी त्यांनी डबाही उघडला नाही. मी उगाच इकडचे आकडे तिकडे करत बसलो. मनातून मात्र मला त्या नियमाचा भयंकर राग आला होता. एक तान्हं पोर, दोन घाबरलेली माणसं आणि एक आजी, आणि मध्ये काय, तर सभेत दिलेला शब्द! आणि तो शब्द मोडला तर आमचं सगळं काम मातीत जाईल हेही मला दिसत होतं. म्हणून जास्तच राग येत होता.

शेवटी बाईंनी पडदा बंद केला आणि पर्समधून स्वतःचा फोन काढला. मी उठायला लागलो.

“बस तिथेच,” त्या म्हणाल्या. “आणि कान देऊन ऐक. मी बाळाबद्दल एक शब्द काढणार नाही. आईने मुलाला फोन करायला बंबातलं बघावं लागत नाही. दोन वर्षं मला ते सुचलं नाही, हा माझा अडाणीपणा. मी काय बोलले ते उद्या कोणी विचारलं तर तू सांग.”

त्यांनी स्पीकर लावला. बराच वेळ रिंग वाजली.

“हॅलो... आई?”

“हो. मीच.”

“काय झालं? बरी आहेस ना तू?”

“मला काय धाड भरलीय.”

ज्या बाईंनी भर सभेत सात गावं गप्प केली होती, त्यांना शब्द सापडत नव्हते.

“पृथू,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी जुईला जे बोलले ते फार वाईट बोलले. तिच्यासमोर बोलले, म्हणजे तर फारच. मला तसं बोलायला नको होतं. एवढंच सांगायला फोन केला. तू काही म्हणायलाच हवं असं नाही.”

तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं. मांजराच्या पिल्लासारखं बारीक, चिडलेलं रडणं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मी हाताने खुणा करतोय, विचारा, आता तरी विचारा, आता तर कानांनी ऐकलंत! पण त्या ओठ मिटून बसल्या. सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं होतं.

“आई,” पृथ्वीराज म्हणाला. “मुलगी झालीय. वीसेक दिवस झाले.”

“कशी आहे?”

“लहान आहे. फार लहान आहे गं. आंघोळ घालताना हातातून निसटेल असं वाटतं. आम्ही दोघं व्हिडिओ बघून बघून घालतो. रोज ती रडते, मग जुई रडते.” त्याचा आवाज फुटला. “मग मी.”

आता बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ ठेवला त्यांनी. “पृथू, जुईला विचार. मी आलेलं तिला चालणार असेल तर येते. नाही म्हणाली तर नाही. तू तिला आग्रह करायचा नाहीस.”

फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. कुजबुज झाली. ती किती वेळ चालली मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात मी सगळे देव आठवून घेतले. मग जुईचा आवाज आला, जरा खरखरीत.

“आई, उद्या याल? दहाला या. आधी पाणी मिळतच नव्हतं धड, पण आठ दिवस झाले, काय झालंय माहीत नाही, बरोबर दहाला अगदी कढत येतं.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“येते गं,” बाई म्हणाल्या. “दहाला येते.”

पुढे तो बाळंतघराचा बेत खूप लांब गेला. घाटाखालच्या गावांनी तो मागून नेला, मग शहरांतल्या सोसायट्यांनी, जिथे आजी असतेच असं नाही. बाईंना भाषणांना बोलावणी यायला लागली. त्या जायच्या आणि थर समजावून सांगायच्या. पण मला विचाराल तर त्या सगळ्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची दुपार माझ्या जास्त लक्षात आहे.

बाई बाराच्या सुमाराला आल्या. लुगड्याचा काठ ओला, अंगाला तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. खुर्चीत बसल्या आणि नुसत्या बसूनच राहिल्या.

“घातली का नातीला आंघोळ?” मी विचारलं.

“घातली. पायांवर घेतली, चोळली, ओरडली चिक्कार, मग झोपली. तिचं काय, बाळ ते बाळच.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मग जुईला म्हटलं, चल, आता तुला. ती म्हणाली, माझी मी करते. म्हटलं, गप बस. तेल लावलं आणि पाठीवर पहिला तांब्या ओतला, तर पोर हमसून हमसून रडायला लागली रे. मी घाबरले. म्हटलं, फार कढत आहे का गं? विसण घालू? तर मान हलवून नाही म्हणाली.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणाली, मला आठवतंय तेव्हापासून माझ्या पाठीवर कोणी पाणी घातलेलं नाही.”

ऑफिसात आम्ही दोघंच होतो आणि दोघंही रडत होतो, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही. मग बाईंनी नाक शिंकरलं, चष्मा चढवला आणि उद्याच्या वाऱ्याचा अंदाज मागितला.

“आणि हे बघ धनू,” त्या म्हणाल्या, “सव्वा महिना होईपर्यंत मी रोज उशिराच येणार आहे.”